राजीनामा कधी देऊ, आणि मग जूनपर्यंत करू काय?

पत्र थोडक्यात असं: नाशिकच्या सिडकोत राहणारी २६ वर्षांची मुलगी. मेकॅनिकल इंजिनिअर, अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला ३ वर्षं ८ महिने झाले. यंदा एमबीएसाठी बाहेरच्या राज्यातल्या एका आयआयएमला ॲडमिशन झालंय, पहिली फी भरून झालीय, २४ जूनला रिपोर्टिंग आहे, दोन वर्षांची फी २१ लाख. पगार हातात ४४ हजार, बेसिक २० हजार, नोटिस पिरियड ६० दिवसांचा, २१ सुट्ट्या शिल्लक. साहेब म्हणतात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑडिट आहे, ते करूनच जा. वडील सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढून रिटायर झालेत, ते म्हणतात मेमध्येच सोडून घरी बसून काय करणार, राहिलीस तर दीड महिन्याचे पासष्ट हजार तरी होतील. कॉलेजच्या नव्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, तिथे रोज कोणीतरी नवा कोर्स पूर्ण केल्याचं टाकतंय. मैत्रिणी हिमाचलमधल्या स्पितीला फिरायला चल म्हणतायत. आणि हिला काय हवंय? "खरं सांगू का ताई, मला काहीच करावंसं वाटत नाहीये, नुसतं झोपावंसं वाटतंय आणि त्याचीच लाज वाटते. आयुष्यातला एक महिना असा वाया घालवणं बरोबर आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू विचारतेयस सुट्टीचं, पण पत्रातल्या निम्म्या ओळी ऑडिट, साहेब, नोटिस आणि बाबा यांच्यावरच आहेत. म्हणजे मोकळ्या महिन्यात काय करायचं हे नंतर बघू, आधी नोकरी सोडायची कशी हेच तुला कोणी सांगितलेलं नाहीये. एमबीएची तयारी कशी करायची याचे शंभर व्हिडिओ तुला लोकांनी पाठवले असतील, चालू काम नीट संपवायचं कसं याचा एकही कोणी पाठवला नसणार. मला वाटतं तुझ्या हातातले हे दोन महिने मागचं पूर्ण करण्यासाठी आहेत, पुढचं जूनच्या २४ तारखेला आपोआप सुरू होणारच आहे, ते आत्तापासून ओढून आणायची गरज नाही.

आधी त्या लाजेबद्दल बोलू, कारण बाकी सगळं तिथेच अडकलंय. सकाळी सव्वासातची कंपनीची बस, आठवड्याचे सहा दिवस, आणि घरी आल्यावर जेवण करून रात्री अकरा ते एक कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास, हे तू दीड वर्ष केलंस. नोव्हेंबरमध्ये परीक्षा झाली तरी संपलं नाही, मग कॉल कुठून येतात याची धाकधूक, मग इंटरव्ह्यू, त्यासाठी एखादी कस्टमर कंप्लेंट रात्रीपर्यंत थांबून मिटवायची आणि मगच दोन दिवसांची रजा मागायची. दोन नोकऱ्या केल्यास तू. दोन नोकऱ्या केलेल्या माणसाला झोप येते, त्याला आळस म्हणत नाहीत गं. आणि 'वाया घालवणं' हा शब्द तुझा स्वतःचा आहे की घरात लहानपणापासून ऐकलेला आहे हे एकदा शांतपणे बघ.

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे म्हणतेस ना, मग त्यांना विचार, माल उतरला की दुसऱ्याच दिवशी खरड छाटणी घेतात का. नाही घेत. माल देऊन वेल थकलेली असते, म्हणून पंधरा-वीस दिवस बागेला विश्रांती देतात, कात्री लावत नाहीत, पण खत-पाणी बंद करत नाहीत, आणि मग एप्रिलमध्ये छाटणी. त्या छाटणीनंतर जी काडी तयार होते तिच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे घड ठरतात, त्यामुळे थकलेल्या बागेवर घाई केली तर त्याचा फटका ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर समजतो, तेव्हा काही करता येत नाही. मामांना कोणी म्हणतं का, की पंधरा दिवस बाग वाया घालवली म्हणून? तुझ्या बाबांनीही कधी म्हटलं नसेल.

आता बाबांचे पासष्ट हजार. त्यांचा हिशोब चुकलेला नाही, पण तू मेच्या पहिल्या आठवड्यात सगळं सोडून मोकळी होणार असं धरून त्यांनी तो केलाय, आणि तसं तुला करायचंच नाहीये. मी तुझेच आकडे घेऊन मांडून बघते. सोमवारी २० एप्रिलला राजीनामा दिलास तर ६० दिवस १९ जूनला भरतात. तुझ्या २१ सुट्ट्या शिल्लक आहेत. त्या, मधले रविवार सोडून, नोटिसमध्ये ॲडजस्ट करून मिळाल्या तर कामाचा शेवटचा दिवस येतो २६ मे, आणि पगार मात्र १९ जूनपर्यंतचा मिळतो. मग नुकसान कशाचं? फक्त त्या सुट्ट्यांचे जे पैसे मिळाले असते त्यांचं. ते बऱ्याच ठिकाणी बेसिकवर धरतात, म्हणजे २० हजार भागिले महिन्यातले कामाचे दिवस २६, गुणिले २१, साधारण १६ हजार. चार आठवडे मोकळे, आणि किंमत सोळा हजार. हा कागद बाबांसमोर ठेव, तोंडी सांगू नकोस, आयुष्यभर कारखान्यात काढलेल्या माणसाला लिहिलेला हिशोब पटकन पटतो.

पण कंपनी ॲडजस्ट करायला नाही म्हणाली तर गणित एकदम बदलतं हेही सांगते. मग २७ मे ते १९ जून हे २४ दिवस तुला विकत घ्यावे लागतील, त्या दिवसांचा पगार साधारण ३५ हजार मिळणार नाही आणि वर नोटिसचे बेसिकवर धरले तरी १६ हजार कापतील, एकूण एक्कावन्न हजार. तेवढे घालवू नकोस, मी तुझ्या जागी असते तर नसते घालवले. त्यापेक्षा ऑडिट करून १२ जूनला सुटायचं बोल, एकच आठवडा विकत घे, ते पंधरा हजारांच्या आसपास जाईल आणि रिपोर्टिंगच्या आधी अकरा दिवस तरी मिळतील. सगळं तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमधल्या दोन ओळींवर आहे, रजा नोटिसमध्ये धरता येते का, आणि नोटिसचे पैसे बेसिकवर कापतात की ग्रॉसवर. रविवारी ते लेटर शोधून काढ आणि वाच. बहुतेक लोक जॉइन होताना सही करतात आणि पुन्हा उघडून बघत नाहीत.

साहेबांशी बोलायचं कसं? मेल टाकायच्या आधी समोर जाऊन बोल. सोमवारी सकाळी मीटिंग वगैरे झाली की पाच मिनिटं माग, आणि तारीख सांग, विचारू नकोस. "सर, ॲडमिशन झालंय, आज राजीनामा देतेय, २६ मे शेवटचा दिवस धरून मी प्लॅन केलाय, तो दाखवू का?" एवढंच. आणि प्लॅन खरंच घेऊन जा, कुठल्या सप्लायरच्या फाइल्स कुठे आहेत, कुठल्या गेजचं, म्हणजे मोजमापाच्या साधनाचं, कॅलिब्रेशन मेमध्ये संपतंय, मागच्या ऑडिटचे कुठले पॉइंट अजून उघडे आहेत, ज्युनिअरला काय काय शिकवायचं आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरचंच एक ऑडिट करून दाखवायचं. ऑडिटच्या दोन दिवसांत फोनवर उपलब्ध राहीन हे तू आपणहून सांग, पण नाशिकमध्ये आहेस म्हणून येऊन बसेन असं म्हणू नकोस, नाहीतर तो महिना गेलाच समज. तू लिहिलंयस की "मी गेले तर ऑडिट फेल होईल अशी भीती वाटते." मैत्रिणी, ऑडिट सिस्टीमचं असतं ना? ती सिस्टीम एका मुलीच्या डोक्यात आणि तिच्या लॅपटॉपवरच असेल तर ऑडिटरला तोच पहिला पॉइंट सापडेल, आणि तो दुरुस्त करायला तुझ्याकडे पाच आठवडे आहेत. एवढं केलंस की साहेबांचं तुझ्यावर काही देणं राहत नाही.

हे मी इतक्या तपशिलात का लिहितेय तेही सांगते. मी शिकायला म्हणून नोकरी सोडली तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात होते आणि रविवारी रात्री नाशिकरोडहून गाडीत बसले. हँडओव्हर घाईघाईत केला, रिलिव्हिंग लेटर "नंतर मेल करतो" म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. ते लेटर यायला आठ महिने लागले, प्रत्येक महिन्यात दोन मेल आणि एक फोन, कॉलेज ऑफिस वेगळं मागे लागलेलं. आणि आजी सटाण्याला होती, तिला भेटून निघायचं होतं ते राहिलं, म्हटलं दिवाळीत येतेच आहे. दिवाळीत गेले तेव्हा मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. त्या शेवटच्या आठवड्याचा पगार मला मिळाला होता, तो कशावर खर्च झाला ते आज अजिबात आठवत नाही.

तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. तिथे चारशे-साडेचारशे मुलं असतील, रोज पोस्ट टाकणारी वीस असतील, आणि तुला वाटतंय सगळेच पुढे गेले. जी तयारी फक्त आत्ताच करता येते ती त्या ग्रुपवर कोणी सांगत नाहीये, आणि ती तुझ्या कंपनीतच आहे. कॉलेज सुरू झालं की फार वेळ मिळत नाही, पहिल्याच टर्ममध्ये समर इंटर्नशिपच्या सीव्हीचं काम अंगावर येतं, आणि तिथे लिहिलेल्या एकेका ओळीचा पुरावा मागतात. तू लिहिशील की सप्लायरचं रिजेक्शन कमी केलं, ते म्हणतील कशावरून? तेव्हा कंपनीचा मेल आयडी बंद झालेला असेल आणि साहेब ऑगस्टमध्ये तुझा फोन उचलतीलच असं नाही. म्हणून राजीनामा दिल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत, सगळ्यांचा मूड चांगला असताना, आपण केलेल्या चार-पाच मोठ्या कामांची यादी कर, आधी किती होतं नंतर किती झालं ते आकड्यांत लिही, आणि लेटरहेडवर साहेबांची सही घे. अप्रेझलची लेटर्स, कायझेनचं (कामातल्या छोट्या सुधारणांचं) एखादं सर्टिफिकेट, ट्रेनिंगची सर्टिफिकेट्स, सगळ्याच्या कॉप्या. कंपनीची ड्रॉइंग, कॉस्टिंगच्या शीट, कस्टमरचा डेटा यातलं काहीही पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, तो विषयच नको.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लाईनवरच्या ऑपरेटर लोकांशी बोल. एखाद्या मशीनवर बारा-पंधरा वर्षं काढलेला माणूस पार्ट हातात घेतल्याबरोबर सांगतो की हा पास होणार नाही, गेज लावायच्या आधीच. तो कसं ओळखतो हे तू पावणेचार वर्षांत कधी निवांत विचारलंयस का? बहुतेक नसेल, कारण तुम्ही भेटता तेव्हा रिजेक्शनचाच विषय असतो. शेवटच्या आठवड्यात चहाच्या वेळी विचार. ऑपरेशन्सच्या वर्गात हे कामाला येईल का, येईलही, पण त्यासाठी विचारू नकोस.

अभ्यासाचं म्हणशील तर थोडंसं कर, कारण तू इंजिनिअर आहेस आणि डेबिट-क्रेडिट तुझ्या डोक्यावरून जाणार आहे, पहिल्या आठवड्यात ते फार एकटं वाटतं. त्यासाठी हजारो रुपयांचा कोर्स नको. अकरावी कॉमर्सचं बुक कीपिंगचं पुस्तक बालभारतीच्या साइटवर फुकट आहे, जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स एवढं हाताने सोडवून बघ, वहीत, रेघा मारून. दहा-बारा दिवस रोज एक तास. बाकी केस स्टडी, नेटवर्किंग, लिंक्डइन, ते सगळं तिथे शिकवायलाच बसलेत.

बँकेचं काम मात्र आत्ता सुरू कर, हे थांबणारं नाही. एज्युकेशन लोनला कागद जमवून मंजुरी येईपर्यंत आठवडे जातात, आणि दुसरा-चौथा शनिवार बँक बंद म्हणजे तुला रजेचाच दिवस काढावा लागणार, दोन दिवस त्यासाठी आधीच धरून ठेव आणि माझ्या वरच्या हिशोबातून ते वजा कर. पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, त्यात यादीतल्या संस्थांना ॲडमिशन मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३ टक्के व्याजाची सवलत आहे, पण ती ठरावीक विद्यार्थ्यांनाच मिळते. पोर्टलवर तुझी संस्था बघ, आणि शेजारी दोन बँकांचे व्याजदरही विचार. हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो हे खरं, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून लागतं, म्हणून पहिल्या टर्मची फी थोडी तुझ्या सेव्हिंगमधून भरता आली तर बघ.

पीएफ काढू नकोस. एकूण पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर टॅक्स लागतो, आणि दोन वर्षांनी नवी नोकरी लागली की त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर होतो, ही पावणेचार वर्षं पुढे मोजली जातात. फक्त कंपनीने तुझी एक्झिट डेट टाकलीय ना ते जुलैत एकदा बघ. 'फॉर्म १६', म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत येतो, तो पर्सनल मेलवर पाठवा असं एचआरला आधीच लिहून दे.

आणि एक गोष्ट जी तुझ्या पत्रात कुठेच नाहीये आणि म्हणून मला काळजी वाटली. आई-बाबा तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का? बाबांना शुगर आहे असं तू सहज लिहून गेलीस. ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच. नवीन पॉलिसी घेतली तर अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच कव्हर नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांना पुढे काही वर्षं थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या साध्या पॉलिसीत जायची सोय असते, त्यात आधीची वर्षं धरली जातात, पण ते निघायच्या आधीच विचारावं लागतं. सोमवारी साहेबांना भेटलीस की दुपारी एचआरला हा प्रश्न विचार. तू परराज्यात होस्टेलवर आणि इथे बाबा ॲडमिट, अशा वेळी कार्ड चालतं की नाही हे तुला तिथून फोनवर शोधावं लागू नये.

आता बाबांबद्दल थोडं. तू लिहिलंयस की "बाबांना फक्त पैसे दिसतात." मला पत्रावरून तसं वाटलं नाही, चुकत असेन तर सांग. ज्या माणसाने सातपूरला ३१ वर्षं काढली त्याने त्या काळात शेजारचे कारखाने बंद पडताना बघितलेत, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन घरी बसलेले मित्र बघितलेत, त्यांच्या डोक्यात 'नोकरी नाही' या अवस्थेचं चित्रच वेगळं आहे. मुलगी एक महिना बिनपगारी घरी दिसणार याची त्यांना भीती वाटत असेल आणि ती त्यांना रुपयांतच बोलता येत असेल. आणि दुसरं, जूनपर्यंत कामावर जात राहिलीस तर जाणार आहेस हे तेवढे दिवस लांबतं, रोज सकाळी डबा, बस, संध्याकाळी साडेसहाला बेल. त्यांना एकदा विचार, "बाबा, मी गेल्यावर तुम्ही दोघं काय करणार?" पैशांचा हिशोब दाखवायच्या आधी विचार हे. त्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल.

मग २७ मे उजाडेल. त्या पहिल्या आठवड्यात मी तुला काहीही सांगणार नाही. झोप. अलार्म काढून टाक, सव्वासातची बस गेली असेल हे पडल्या पडल्या कळेल, तरी झोप. पाचव्या-सहाव्या दिवशी कंटाळा येईल, तो येऊ दे, लगेच फोन उचलून कोर्स लावू नकोस. दोन-तीन आठवडे झोप काढूनही जड वाटत असेल, जेवण नको, कोणाशी बोलणं नको असं होत असेल तर मात्र तो थकवा समजून अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

त्यानंतर काय करायचं ते तुलाच सुचेल, मी फक्त इथल्या दोन-चार गोष्टी सांगते ज्या तुला नोकरीत असताना मिळाल्याच नसतील. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला मे महिनाभर असते, तिचे शेवटचे चार-पाच दिवस त्या झोपेच्या आठवड्यातच तुला सापडतील, संध्याकाळी नदीकाठी खुर्चीवर बसून ज्या विषयाशी आपला काही संबंध नाही असं एखादं व्याख्यान ऐकायचं, नोट्स काढायच्या नाहीत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आपल्या गावात आहे, एक महिन्यासाठी का होईना मेंबर हो आणि परीक्षेचं सोडून काहीतरी वाच. ऊन वाढायच्या आत पांडवलेणीच्या पायऱ्या चढून ये, सिडकोतून कितीसं लांब आहे. आईबरोबर गच्चीवर कुरडया घालायच्या असतील तर घाल, मुलगी म्हणून शिकून घ्यायलाच पाहिजे म्हणून नाही, तो चीक ताटलीत घेऊन गरम गरम खायला पुढच्या उन्हाळ्यात तू इथे नसशील म्हणून. पुढचा उन्हाळा इंटर्नशिपचा आहे, त्याच्या पुढचा नोकरीचा. असा चार आठवड्यांचा सलग मोकळा वेळ घरात परत कधी मिळेल मला माहीत नाही.

मामांकडे दोन दिवस जा. द्राक्षं संपलेली असतील, पण उन्हाळ कांदा निघून चाळीत पडलेला असेल, आणि आत्ता विकावा की दिवाळीच्या आसपास, यावर घरात रोज वाद चालू असेल. थांबलं तर भाव मिळेल कदाचित, पण वजन घटतं, सडतो, आणि सोसायटीचं कर्ज थांबत नाही. एक सकाळ त्यांच्याबरोबर लासलगावला लिलावाला जा. एका ट्रॅक्टरपुढे काही सेकंद बोली चालते आणि माणसाच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. बाजार हा शब्द पुढची दोन वर्षं तुझ्या कानावर सतत पडणार आहे, एकदा तो मामांच्या शेजारी उभं राहून बघून जा.

स्पितीचं? जावंसं वाटत असेल तर जा, पण तू पत्रात लिहिलंयस "सगळ्या जातायत म्हणून", आणि तेवढ्यासाठी चाळीस हजार आणि दहा दिवस नको. सेव्हिंगचे ते पैसे पहिल्या टर्मला लागतील. डोंगरच हवेत तर मेच्या शेवटाला, जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे असतात, घोटीवरून दोन-अडीच तासांत पोचतेस, एक रात्र राहून परत. गर्दी असते, आडवारी जा.

ज्या बाकीच्या मैत्रिणी-मित्र हे वाचतायत त्यांच्यासाठी तीन गोष्टी. ज्यांचं राज्याच्या सीईटीतून व्हायचंय त्यांनी या पत्राच्या तारखा लावू नका, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) बऱ्याचदा जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात आणि वेळापत्रक पुढेमागे होतं, सीट पक्की होऊन फी भरल्याशिवाय राजीनामा देऊ नका, नोटिस मोठी असेल तर तेव्हा एचआरशी बोलता येतं. आयआयएमसारख्या केंद्राच्या संस्थेत ओबीसीतून ॲडमिशन असेल तर नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यात आणि चालू वर्षाचं लागतं, सेतूची खेप आत्ताच घाला. आणि ज्यांच्या पगारावर घर चालतंय, ज्यांना शेवटच्या दिवसापर्यंत थांबावंच लागणार आहे, त्यांना मी महिनाभर सुट्टी घ्या असं सांगणार नाही. फक्त मधे चार दिवस ठेवा. शनिवारी सुटून सोमवारी वर्गात, असं करू नका. त्या चार दिवसांत झोप आणि घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची भेट, बाकी काही नाही झालं तरी चालेल.

आणि तुला एक शेवटचं, जमलं तर कर. २६ मेला बसने घरी येऊ नकोस. बाबांना स्कूटर घेऊन कंपनीच्या गेटवर न्यायला बोलाव, साडेपाचला. ३१ वर्षं ते स्वतः अशाच एका गेटमधून सुट्टी झाल्यावर बाहेर आलेत, तिथे कसं थांबायचं हे त्यांना सांगावं लागणार नाही. सिक्युरिटीवाल्या काकांशी त्यांची ओळख करून दे, आयकार्ड त्यांच्यासमोर जमा कर, आणि मग वाटेत कुठेतरी थांबून दोघं चहा घ्या. सोमवारी साहेब काय म्हणाले ते कळव, मी वाट बघतेय.